रिव्ह्यू आल्याशिवाय नात पाहू नये

पृथ्वीच्या पाठीवर चार लोकांना विचारल्याशिवाय काहीही न करणारा प्राणी एकच, तो म्हणजे माणूस. मांजर दुधात तोंड घालण्यापूर्वी शेजारच्या मांजराचं मत घेत नाही. म्हैस डबक्यात उतरण्यापूर्वी डबक्याला किती तारे मिळालेत हे पाहत नाही. (कावळा पिंडाला शिवण्यापूर्वी थांबतो खरा, पण त्याची कारणं वेगळी असतात.) या उतावळेपणामुळेच मांजर, म्हैस इत्यादींची प्रगती खुंटली आणि माणूस पुढे गेला, हे कुणीही मान्य करील.

पूर्वी हे चार लोक पारावर फुकट मिळत. बेंगळुरूसारख्या शहरात मात्र शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे फक्त कुरिअरवाल्यालाच ठाऊक असतं. तेव्हा एका मजल्यावर चार लोक गोळा करायचे म्हणजे आधी लिफ्ट बंद पडावी लागते. ही सामाजिक उणीव ध्यानात घेऊन रिव्ह्यू नावाची व्यवस्था अस्तित्वात आली. आता कुणी अनोळखी तरुण स्वतःच्या खोलीत बसून कॅमेऱ्यासमोर बोलतो आणि आपण त्याच्या मतावर घरातल्या माणसांपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. घरातल्या माणसांनाही हे सोयीचंच झालं आहे.

इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणारे पुरुषोत्तमराव हे या व्यवस्थेचे एकनिष्ठ उपासक होते. होसकोट्याच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर नट-बोल्टांची तपासणी केली. आधीच्या तपासनिसाची सही पाहिल्याशिवाय त्यांनी एकाही नटावर स्वतःची सही केली नाही. (आधीचा तपासनीसही मोठा सावध गृहस्थ होता. तो पेन्सिलीने सही करी आणि पुरुषोत्तमरावांची झाली की मग शाईने गिरवी.) अशा चोख व्यवस्थेतून सन्मानाने निवृत्त झालेला माणूस फोन घेताना घाई करील, ही अपेक्षाच चुकीची होती.

फोनची गरज होती, यात वाद नाही. हातातल्या फोनच्या पडद्यावर बरोबर मध्यभागी एक रुंद हिरवा पट्टा उमटला होता. पट्ट्याच्या वर दिसे, खाली दिसे, मध्ये हिरवळ. बातम्या, हवामान आणि सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं अशी अर्धवट वाचूनही काही बिघडत नव्हतं. उलट भांडणं अधिक सुसंगत वाटत. पण तेवढ्यात कॅनडात मुलीला, प्रणिताला, मुलगी झाली आणि परिस्थिती गंभीर बनली.

पत्नी नीलिमाताई बाळंतपणासाठी आधीच तिकडे गेल्या होत्या. रोज सकाळी त्या बाळाला कॅमेऱ्यापुढे धरीत आणि रोज सकाळी पुरुषोत्तमरावांना नातीचं कपाळ दिसे, हनुवटी दिसे, आणि नाकाच्या जागी पट्टा दिसे. फोन आडवा केला तर पट्टा उभा होई आणि नाक तरीही त्याच्याखालीच. बाळाला वर धरून पाहिलं, तर प्रणिताचा कॅमेरा आपोआप चेहरा मध्यभागी आणून ठेवी. (या सोयीची रिव्ह्यूंमध्ये फार तारीफ झाली होती.) साधा फोटो पाठवावा, तर जावई अद्वैत यांचं बाळाच्या गोपनीयतेबाबत कडक धोरण होतं. घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फोटोत नातीच्या तोंडावर एक हसरा पिवळा गोळा चिकटवलेला असे. पुरुषोत्तमरावांकडे अशा गोळ्याचे पुष्कळ फोटो जमले होते.

नाकाचा प्रश्न साधा नव्हता. पुरुषोत्तमरावांचं नाक लांब, मध्ये उंचवटा असलेलं आणि शेंड्याला किंचित खाली वळलेलं होतं. वडिलांचं तसंच, आजोबांचंही तसंच. प्रणिताने मात्र जन्मतःच आईचं नाक घेतलं, तेव्हापासून हे नाक आपल्याबरोबरच संपणार ही बोच त्यांच्या मनात होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, कारण नाकासाठी हळहळणाऱ्या माणसाला लोक हसतात. आणि आता नातीच्या नाकावरून तिकडे दोन पक्ष पडले होते.

"अहो, आज तरी दिसली का?" नीलिमाताईंनी विचारलं.

"कपाळ दिसलं. हनुवटीही. दोन्ही समाधानकारक आहेत."

"आणि नाक?"

"नाकाचा भाग प्रलंबित आहे."

"अहो, विहीणबाई येईल-जाईल त्याला सांगत सुटल्यात, नाक आमच्या घराण्याचं म्हणून! प्रणिता म्हणते बाबांचं आहे. मला काही कळत नाही. तुम्ही एकदा बघा आणि सांगून टाका. शनिवारी बारसं आहे, सगळे जमणार. घ्या ना हो एखादा फोन, दुकानात मिळेल तो!"

"गुरुवारी रिव्ह्यू येतायत," पुरुषोत्तमराव म्हणाले.

यावर पलीकडे बाळ रडलं. निदान बाळच रडलं असावं असं पुरुषोत्तमराव धरून चालले.

समोरच्या फ्लॅटमधल्या शेषगिरींनी स्वतःचा फोन देऊ केला होता. "घ्या की सर, दोन मिनिटांचं काम." पण त्या फोनबद्दल रिव्ह्यूत स्पष्ट म्हटलं होतं की रंग थोडे भडक येतात आणि चेहरे गुळगुळीत होतात. गुळगुळीत केलेल्या नाकावरून घराण्याचा निवाडा करणं पुरुषोत्तमरावांना मंजूर नव्हतं. लॅपटॉपही घरात नव्हता. (तो मागेच विकला. नव्या मॉडेलचे रिव्ह्यू येणार होते. अजून येतच आहेत.) म्हणून सगळी भिस्त गुरुवारी बाजारात येणाऱ्या त्या फोनवर होती.

रिव्ह्यूची वाट पाहणं हे शास्त्र आहे आणि त्याचे तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा अफवेचा. यात कव्हरमधल्या फोनचा एक धूसर फोटो फिरतो आणि त्यावरून जाणकार लोक कव्हरच्या आतला रंग सांगतात. दुसरा टप्पा खोकं उघडण्याचा. यात तज्ज्ञ तरुण खोक्यातून फोन काढतो, त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवतो आणि मत नंतर सांगीन म्हणतो. तिसरा टप्पा मौनाचा, त्याला एम्बार्गो म्हणतात. या काळात तज्ज्ञाकडे फोन असतो, मत असतं आणि तोंडही असतं. पण कंपनीने घालून दिलेल्या मुहूर्तापूर्वी ही तिन्ही एकत्र आणायची नाहीत असा लेखी करार असतो. नैवेद्य दाखवण्याआधी पुरणपोळीला हात लावायचा नाही, या आपल्या नियमाचीच ही सुधारित आवृत्ती आहे. एका पाहणीनुसार तिसऱ्या टप्प्यात शंभरातल्या शंभर लोकांना नीट झोप लागत नाही. (पाहणी: पुरुषोत्तमराव. शंभर लोक: पुरुषोत्तमराव.)

शेवटी बुधवारी त्यांचा धीर सुटला. या फोनचा रिव्ह्यू करणारा विराट नावाचा तरुण इंदिरानगरात राहत होता, आणि त्याची आई रत्नाबाई मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात नीलिमाताईंच्या ओळखीची झाली होती. एवढा धागा पुरेसा होता. बस, मेट्रो आणि रिक्षा असा प्रवास करून पुरुषोत्तमराव त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"या की अण्णा, बसा. स्वल्प कॉफी घ्या," रत्नाबाई म्हणाल्या. तीन पिढ्या बेंगळुरात काढलेलं घर. बोलण्यात निम्मं कन्नड विरघळलेलं. "विराट आत लाइटा लावत बसलाय. नातीचं कळलं हं. कुणासारखी आहे?"

"त्याच संदर्भात आलोय," पुरुषोत्तमराव म्हणाले.

एवढ्यात त्यांची नजर बाल्कनीत गेली. तिथे ताटात सांडगे वाळत घातले होते, त्यावर पातळ फडकं होतं, आणि फडकं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली होती. तीन कोपऱ्यांवर खलबत्त्यातला बत्ता, कुलूप आणि लोणच्याची बाटली होती. चौथ्या कोपऱ्यावर तो फोन होता. अवघा देश ज्याची वाट पाहत होता तो फोन प्रत्यक्ष पाहून पुरुषोत्तमराव उभेच राहिले.

"आई! तो बाहेर ठेवायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना!" विराट आतून धावत आला.

"सरी बाबा, सरी. उपयोगाला तर येऊ दे," रत्नाबाईंनी फोन उचलला, पदराला पुसला आणि सरळ पुरुषोत्तमरावांच्या हातात ठेवला. "घ्या अण्णा, ह्याच्यावरच लावा नातीला. बघून टाका एकदा तिचं तोंड."

विराट गडबडला. मग पुरुषोत्तमरावांचा चेहरा पाहून मवाळ झाला. "बघा काका. फक्त कुणाला सांगू नका."

पुरुषोत्तमरावांनी फोन उलटसुलट करून पाहिला. पडदा स्वच्छ होता, हिरवळीचा मागमूस नव्हता. एक नंबर दाबला की नात, आणि नातीच्या मध्यभागी नाक. तिकडे रात्र झालेली असली तरी बाळ जागंच असतं, हे त्यांना ठाऊक होतं. फार फार मोह झाला त्यांना.

"पण याचा रिव्ह्यू आलेला नाही," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी फोन परत दिला. "उद्या कॅमेरा वाईट आहे असं निघालं तर? मी पाहिलेलं नाक खरं की खोटं, हे मला कोण सांगणार?"

 रत्नाबाईंनी फोन पुन्हा सांडग्यांवर ठेवला.

"निदान तू तरी सांग, विराट. कसा आहे कॅमेरा?"

"गुरुवारपर्यंत तोंड बंद, काका," विराट म्हणाला, आणि जवळ सरकला. "खरं सांगू? माझंही ठरलेलं नाही. फोन जास्त करून आईच वापरते. बाकीचे काय म्हणतात त्याचा अंदाज घेतोय. एकट्याने वेगळं बोललं की लोक तुटून पडतात. तुम्ही माझे जुने प्रेक्षक. या फोनमध्ये काय कमी असेल असं तुम्हाला वाटतं?"

इतक्या मोठ्या तज्ज्ञाने आपल्याला विचारावं, याने पुरुषोत्तमराव भारावले. गेले कित्येक दिवस त्यांच्या डोक्यात एकच अवयव होता, तोच तोंडातून बाहेर पडला. "नाक," ते म्हणाले. "हा कॅमेरा नाकाला न्याय देत नसावा, अशी आपली एक शंका."

"नाक," विराटने मान डोलावली आणि टिपून घेतलं.

गुरुवारी दुपारी मुहूर्तावर रिव्ह्यू आला. पुरुषोत्तमराव आंघोळ करून, जेवण बाजूला ठेवून बसले होते. विराट म्हणाला, रोजच्या वापरात फोन अत्यंत स्थिर वाटतो. वाऱ्यातही जागचा हलत नाही. रंग छान, बॅटरी छान. "पण मित्रांनो, एक मोठी गोष्ट. हा कॅमेरा नाकाला न्याय देत नाही."

पुरुषोत्तमराव ताडकन उठून उभे राहिले. "म्हटलं नव्हतं मी!" ते रिकाम्या घराला म्हणाले. त्यांची नुसती शंका होती. आता तज्ज्ञाने ती सिद्ध केली होती. संध्याकाळपर्यंत विराटचा अंदाज घेऊन थांबलेल्या दिल्लीच्या तज्ज्ञालाही नाकात खोट आढळली. मग हैदराबादच्या. शुक्रवारी सोसायटीच्या ग्रुपवर शेषगिरींनी विचारलं, की सर, नाकाचं ऐकलं का? पुरुषोत्तमरावांनी कळवलं की मी तर आधीच ऐकलं होतं. चार लोक पूर्ण झाले. फोन घेण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि आपण बुधवारी केवढा मोह आवरला या विचाराने त्यांना धन्य धन्य वाटलं.

शनिवारी बारसं झालं. शाल्मली असं नाव ठेवलं. पुरुषोत्तमरावांनी तिच्या कपाळाला आणि हनुवटीला मनापासून आशीर्वाद दिले. नाकाबाबत विहीणबाईंचा ठराव एकमताने मंजूर झाला, कारण विरोधी पक्षाच्या एकमेव साक्षीदाराला ते दिसत नव्हतं. फोन बंद झाल्यावर पुरुषोत्तमराव बराच वेळ पट्ट्याकडे पाहत बसले, आणि त्यांना फार एकटं वाटलं. कंपनीने मात्र तक्रारींची गंभीर दखल घेऊन पुढच्या मॉडेलमध्ये नाकांसाठी खास सोय देण्याचं जाहीर केलं. त्याचे रिव्ह्यू लवकरच येणार होते.

ते येण्याआधी नीलिमाताई, प्रणिता आणि शाल्मली विमानाने बेंगळुरात येऊन पोचल्या. विमानतळाच्या दाराशी, सामानाच्या गाडीशेजारी, प्रणिताने मुलीला वडिलांपुढे धरलं. मध्ये ना पट्टा, ना पिवळा गोळा. भर उन्हात, हातभर अंतरावर ते नाक होतं. लांब, मध्ये उंचवटा, शेंड्याला किंचित खाली वळलेलं. पुरुषोत्तमरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

शाल्मलीने कुणालाही न विचारता हात पुढे केला आणि आजोबांचं नाक घट्ट धरलं.

"सांगा आता," नीलिमाताई म्हणाल्या. "कुणाचं आहे?"

उत्तर पुरुषोत्तमरावांच्या ओठांवर आलं होतं. अगदी ओठांवर. पण त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि धरलेल्या नाकातून म्हणाले, "छान आहे. बघू, चार लोक काय म्हणतात."

वाचकांना आता पुरुषोत्तमरावांचं हसू आलं असेल. आलं असेल तर ठीकच. पण कुणी एकट्याने हसण्याची घाई करू नये. आधी ही कथा दोघा-चौघांना पाठवावी, त्यांना हसू आलं का ते विचारावं आणि मगच काय ते ठरवावं. तोवर ही कथा इथेच थांबून राहील. तिला सवय आहे.