डाव्या कपाटातली आमंत्रणं

“आता मी जे सांगणार आहे ना, ते अख्ख्या कलकत्त्यात कुणाला खरं वाटायचं नाही,” श्यामरावांनी आधीच बजावलं. “तुझी आमंत्रणं सरकारजमा झाली.”

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याला वाट्यांकडे बोट दाखवलं. डमडमच्या त्या दोन खोल्यांत संक्रांतीच्या वाणाच्या चाळीस वाट्या मांडून ठेवल्या होत्या आणि हळदीकुंकवाला आल्या होत्या तिघी. त्याही शेजारच्या बंगाली. गेल्या वर्षी श्यामराव असंच काहीसं विसरले, तेव्हा बाई तीन आठवडे त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. ते तीन आठवडे पुन्हा काढायची श्यामरावांची तयारी नव्हती.

ते एस्प्लनेडजवळच्या एका कचेरीत त्या काळच्या कॉम्प्युटरला भरवायची पुठ्ठ्याची कार्डं सांभाळत.

“आमंत्रणं लिहायला कचेरीतली कोरी कार्डं तूच मागितलीस. बुधवारी तू लिहिलेला गठ्ठा कचेरीत घेऊन गेलो, म्हटलं दुपारी वाटायला निघू. आमच्याकडे कपाटं दोन. उजव्यात माहितीची कार्डं, डाव्यात मशीनच्या स्वतःच्या नियमांची. सकाळचा ऑपरेटर सोडला तर डाव्याला कुणी हात लावत नाही. गठ्ठा तिथे ठेवला.”

“मग?”

“मग काय, ऑपरेटर आला, वरचा गठ्ठा उचलला, दिला मशीनच्या तोंडात! मशीनला वाटलं, नवा नियम आला. छापायचा होता हजेरीचा तक्ता. साडेसहाशे बाबूंच्या नावापुढे एकच ओळ: शनिवारी चार वाजता, डमडम, फक्त सौभाग्यवती.”

“मराठीत?”

“इंग्रजी अक्षरांत. त्याला तेवढीच येतात.”

बाईंनी भुवई उंचावली. श्यामरावांना जोर चढला.

“आमच्या खात्यातले सेनसाहेब धावत आले. बिचाऱ्यांचं लग्न राहिलेलं. म्हणतात, ‘श्यामबाबू, मेरा तो शादी नहीं हुआ, नौकरी जाएगा क्या?’ तोवर भांडार विभागाने तक्ता वाचून साडेसहाशे फण्या मागवल्या होत्या. वाण म्हणून!”

“अगं बाई!”

“शेवटी मोठ्या साहेबांना वाटलं, हे काहीतरी कारस्थान आहे. गठ्ठ्याला लाखेचं सील ठोकलं आणि दिल्लीला धाडला.”

“आणि बुधवारपासून मला सांगितलं नाहीत?”

“गुप्त होतं ना!”

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. बाजी मारली म्हणून श्यामरावांनी तिळाचा लाडू उचलला.

त्यांची पुतणी लीना उरलेल्या वाट्या एकात एक रचत होती. गेल्या सोमवारपासून ती एका विमा कचेरीत कार्डांना भोकं पाडायच्या कामाला लागली होती.

“काका,” ती वर न बघताच म्हणाली, “मशीनला शाई दिसत नाही. ते नुसती भोकं वाचतं. काकूंच्या कार्डांना एकही भोक नव्हतं. काकू, काकांची कचेरीची पिशवी कुठे असते हो?”