भीमण्णाच्या वाकलेल्या प्लेटी

"डोळं दाखवा."

दर रविवारी चांदमारीच्या मैदानातून बाहेर पडताना भीमण्णा मिस्त्री फाटकात आडवा उभा राहायचा आणि हे दोन शब्द म्हणायचा. मग तंबाखूचा वास येणारा त्याचा अंगठा आपल्या डोळ्याखाली यायचा, पापणी खाली ओढली जायची आणि तो आत असा वाकून बघायचा, जणू विहिरीत घागर पडली आहे. एक झाला की दुसरा. वकील असो, सावकार असो, सुटका नाही. आमच्यात एक खरेखुरे डॉक्टर होते, त्यांचेही डोळे तो तपासायचा. डॉक्टर म्हणायचे, "अरे, हे काम माझं आहे!" भीमण्णा म्हणायचा, "मग तुमी तुमचं सवताचं बगून दावा."

मी हायस्कुलात मास्तर आणि नेमबाजी क्लबाचा सेक्रेटरी. म्हणजे सभासदांच्या शिव्या खायला एक आणि भीमण्णाच्या खायला दुसरा, असे दोन्ही मीच.

या माणसाला क्लबात आणण्याचं पापही माझंच. आमची चांदमारी सात रस्ता चौकाच्या पलीकडे माळावर होती. सुरुवातीला आम्ही कापडावर कागदी निशाणं चिकटवायचो, विणकरांकडून आणलेल्या खळीने. पण माळावर धनगरांची शेरडं. खळीचा वास त्यांना असा आवडला की आम्ही बंदुका भरेपर्यंत निशाण फस्त व्हायचं. एकदा तर वकीलसाहेबांनी नेम धरला आणि समोर पाहतात तो बोकड, तोंडात अर्धं निशाण. म्हणून ठरलं, पोलादाच्या प्लेटी लावायच्या. त्यावर शेरडांचे दात नाही चालणार. मिलच्या वर्कशॉपमधला भीमण्णा हाताचा चांगला, असं कोणीतरी सांगितलं आणि मी हौसेने त्याच्या दारात गेलो. घोडचूक!

पहिल्याच दिवशी आम्ही जमवलेलं लोखंड त्याने कानशीने घासलं आणि फेकून दिलं. "बेडा!" तो अक्कलकोटकडचा. नको म्हणायचं तर कानडीत म्हणायचा, मराठीतला नको त्याला पुरेसा जोरकस वाटत नसे. "ज्याच्यावर कानस धरती ते लोखंड मऊ. मऊ लोखंडाला खड्डा पडतो. खड्ड्यात गेलेली गोळी उलटून आपल्याकडं येती. कानस घसरंल ती पलेट आपली." अशी प्लेट मिळेपर्यंत आम्ही दोन महिने नुसत्या बंदुका पुसत बसलो.

मग टांगणं. प्लेट साखळीने टांगायची, खांबाला घट्ट बांधायची नाही, गोळी लागली की मागे झुलली पाहिजे. शिवाय तिचं डोकं पुढे झुकलेलं हवं. "वाकून नमस्कार केल्यागत ऱ्हायली की गोळीचा चुरा खाली मातीत सांडतोय. ताठ हुबी केली की तोंडावर येतोय." मग अंतर. शंभर पावलं, आणि तीही त्याची, ढांगांची. वकीलसाहेब जरा पुढे सरकले तर हा त्यांची सतरंजी धरून मागे ओढायचा, वकीलसाहेब वर असतानाच. त्यात डोळ्यांवर खडी फोडणाऱ्यांचे चष्मे. आणि प्रत्येक फेरी संपली की महाराज निघाले प्लेटींवरून तळहात फिरवायला, अगदी सावकाश. जरा कुठे खळगा लागला की "बेडा!", प्लेट खाली. तोवर आम्ही उन्हात आमसुलं झालेलो.

एकच गोष्ट त्याच्या बाजूची. दुपारी फडक्यातली भाकरी सोडायचा आणि मलाही द्यायचा. पण त्यातही तऱ्हा. प्रत्येक भाकरीच्या मध्यावर रुपयाएवढा पांढरट, नीट न भाजलेला ठिपका असायचा. तेवढा मधला तुकडा तो आधी काढून आपल्या तोंडात टाकायचा आणि कड मला द्यायचा. मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, वहिनींना सांगा, भाकरी मध्ये कच्ची राहते." शब्दाला शब्द देणारा माणूस, पण त्या दिवशी नुसता चावत राहिला.

तर त्या वर्षी दसऱ्याला कलेक्टरसाहेब येणार होते. क्लब चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ते स्वतः चार गोळ्या झाडून बघून ठरवणार होते. परवानगी नाही मिळाली तर बंदुका जमा करा आणि घरी जाऊन पत्ते खेळा.

आदल्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. भीमण्णा मिलमध्ये आपल्या यंत्रांची पूजा करत होता, म्हणून आम्ही सगळे मोकळे होतो. बंदुकांना हळदकुंकू वाहिलं. मग वकीलसाहेब म्हणाले, "प्लेटींचीही पूजा करा. पण या अशा ओणव्या काय? देव कुठे वाकून उभा राहतो?" पटलं. आम्ही प्लेटी ताठ केल्या आणि तारेने खांबांना आवळून बांधल्या. दोन प्लेटींना बारीक खळगे पडले होते, त्या भीमण्णाने बदलायला काढून ठेवल्या होत्या. पण नव्या अजून आल्या नव्हत्या आणि दोन खांब रिकामे कसे ठेवायचे? त्याही टांगल्या. खंडित मूर्तीची पूजा करत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या खळग्यांत मेण भरलं. वर चुन्याचा हात, त्यावर झेंडूच्या माळा. काय शोभा आली होती सांगू! साहेबापुढे मान ताठ राहील, असं मीच म्हणालो.

दसऱ्याला साहेब आले, सतरंजीवर पालथे झाले, बंदूक खांद्याला लावली. तेवढ्यात भीमण्णा बाजूच्या वाटेने थेट प्लेटींकडे गेला. माळ उचलली, तळहात फिरवला, अंगठा मेणात रुतला.

"बेडा!"

आणि तो प्लेटीला पाठ लावून उभा राहिला. समोर कलेक्टर, हातात भरलेली बंदूक! मी ओरडलो, "मिस्त्री, बाजूला व्हा!" तो तिथूनच ओरडला, "न्हाय हुनार! आदी पलेट उतरवा!"

साहेबांनी बंदूक खाली ठेवली, कपडे झटकले आणि मला एवढंच म्हणाले, "निशाणं नीट झाली की बोलवा." मोटार धुरळा उडवत गेली. परवानगीचा कागद साहेबांबरोबर गेला.

त्याच संध्याकाळी कमिटी बसली. मिस्त्रीला काढा. पत्र मी लिहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मन लावून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खिशात घालून त्याच्या घरी गेलो. भीमण्णा ताटावर बसत होता. मला बघून जागा द्यायला सरकला. त्याची बायको गंगव्वा चुलीपुढे. तिने वर पाहिलं तेव्हा दिसलं, डावा डोळा पांढरा, गेलेला. तिने ताट मांडलं. भाकरी आली, मध्ये तोच पांढरा ठिपका. भीमण्णाने हात लांब करून माझ्या भाकरीचाही मधला तुकडा काढला.

"खाऊ द्या की त्यास्नी अख्खी," ती हसली. मग मला म्हणाली, "तव्याला खड्डा हाय, मास्तर. तितं भाकरी भाजत न्हाय. ह्यांचीच करणी. लगीन हून दोन म्हयनं झालं हुतं. घरात डुकरं हाकायची ठासणीची बंदूक. ह्यांनी लिंबाच्या बुंध्याला तवा ठोकला. म्हनले, बग कसा वाजवतो. मी जवळच हुबी, टाळ्या वाजवाय. तवा वाजला खरा."

तिने बोट डोळ्याकडे नेलं. "शिशाची कपची."

"आणि तवा अजून ठेवलाय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ह्ये हिरीत टाकाय निघालं हुतं. म्या म्हनलं, डोळा गेला त्यो गेला, तवा कशाला घालवायचा? तवर ह्यांनी बंदूकच टाकली हिरीत."

भीमण्णा मान खाली घालून ते मधले तुकडे चावत होता. दोन वेळच्या भाकरीत रोज हा माणूस तेवढाच घास आधी खात आला होता, आणि मी त्याला भाकरी कच्ची म्हणून सांगत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

हात धुताना तो म्हणाला, "काय काम काढलं हुतं, मास्तर? पत्र आनलंय न्हवं?"

"पत्र कसलं? रविवारी साहेबांना परत बोलवायचंय," मी म्हणालो. "प्लेटी कोण टांगणार, मी?"

"तुमी? बेडा, बेडा!"

मी उठलो. तो सवयीने दारात आडवा झाला.

"डोळं दाखवा."

"अवो, माणूस जेवाय आलता," गंगव्वा आतून ओरडली, "गोळ्या मारायला न्हाय!"

पण मी तीन वर्षांत पहिल्यांदाच कुरकुर न करता मान वर केली. त्याने पापणी खाली ओढली आणि बराच वेळ पाहिलं.

"पानी आलंय की. आत काय गेलं?"

"धूर," मी म्हणालो. "चुलीचा."

त्याला पटलं नाही. धोतराचं टोक ओलं करून आणलं, आणि दुसरा डोळाही दाखवा म्हणाला.