बाई टॉपमध्ये अडकल्या

"अख्ख्या शाळेला हात वर करायला लावलंय मी! माझा एक हात म्हणजे काय चीज आहे?" असं ठणकावून कवायतीच्या बाई तो घट्ट टॉप विकत घेऊन आल्या, आणि तिथेच घोटाळा झाला!

बाईंनी शाळेत "हात वर!" म्हटलं की पोरांचेच काय, झाडावरच्या कावळ्यांचेही पंख वर जायचे. खोटं नाही सांगत! पण छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, डावी बाजू गेली आणि डावा हात खांद्याच्या वर जाईना. फिजिओथेरपीवाली पोरगी म्हणाली, "बाई, आमच्या व्यायामाच्या वर्गाला या. मनही हलकं होईल."

मन! ते तर जात्याच्या दगडासारखं झालेलं. ऑपरेशनपासून बाई कडी लावून कपडे बदलत. तो व्रण नवऱ्याला दाखवला नव्हता, दाखवणारही नव्हत्या. जग बुडालं तरी!

तर वर्गाच्या दिवशी बाईंनी कडी लावली, टॉप डोक्यातून घातला, दुखरा हात बाहीत कोंबला आणि संपलं! कोपर अडकलं. टॉप वर जाईना, खाली येईना. डोकं आत, हात अर्धवट वर, खाली सगळं उघडं. पोत्यात घालून पळवून नेतात ना, तश्शा!

आतल्या आत रडून घेतलं. टॉप ओला होऊन आणखीच चिकटला. शेवटी दाराची खालची कडी पायाच्या अंगठ्याने सरकवली.

"अहो!"

"काय गं?"

"कात्री आणा. आणि डोळे मिटून आत या!"

बाईंचे अहो म्हणजे हुकमाचे ताबेदार. त्यांनी दाराबाहेरच डोळे मिटले. आधी स्टुलावर आपटले, मग कपाटाला "सॉरी" म्हणाले, मग पायाखाली काहीतरी मऊ आलं.

"अगं, मांजर शिरलंय!"

"माझी उशी आहे ती! ब्रामध्ये घालायची!"

"उचलून ठेवू?"

"टाकून द्या! खरी डॉक्टरांनी टाकली, खोटी तुम्ही टाका!"

कात्री करकरू लागली. पाठोपाठ पडद्याच्या कड्या खणखणल्या.

"अहो, पडदा कापताय! मी इकडे! उघडा ते डोळे, नाहीतर मान छाटाल माझी!"

"नक्की उघडू?"

"उघडा म्हणते ना!"

कात्री थांबली. इतके महिने बाईंना याच क्षणाची धास्ती होती. बघितल्यावर यांचा चेहरा कसा होईल? आणि आता तो चेहरा बघायचा, तर बाईंचंच डोकं टॉपात!

"बघितलंत?"

कात्री पुन्हा करकरू लागली, या वेळी टॉपावर.

"अहो, बोला की काहीतरी!"

"कात्री बोथट आहे गं," अहो म्हणाले.

कसाबसा टॉप फाटला. बाईंचं डोकं बाहेर आलं, तोवर अहोंची पाठ फिरलेली. "धार लावून आणतो," म्हणाले आणि गेले!

बाई चिंध्या छातीशी धरून बसल्या. तिकडे वर्ग सुरू झाला असेल, संपलाही असेल. यांना बघवलं नाही. बघवलंच नाही. एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

अंधार पडता पडता अहो परतले. नाक लालभडक, डोळे बेडकासारखे सुजलेले.

"लावली धार?"

"लावली तर! एकदम चकचकीत!"

बाईंनी कात्री घेतली आणि टॉपच्या चिंधीवर चालवून बघितली. एक धागा तुटला असेल तर शपथ!