खैरनारकाका आणि खुर्चीतला तो

खैरनारकाकांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला चपला काढायच्या आत एक सूचना मिळते. "सोफ्यावर बसा, खुर्चीवर बसा, खाली बसा. फक्त त्याच्याकडे पाठ करू नका."

"कोणाकडे?" म्हणत पाहुणा आत येतो आणि मग त्याला कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेला तो दिसतो. धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी, दोन्ही हात मांडीवर. पाहुणा चटकन हात जोडतो. भले भले जोडतात. एकदा कुरियरवाला सहीसाठी त्याच्यापुढे पेन धरून बराच वेळ उभा होता. शेवटी मला येऊन म्हणाला, "आजोबा रागावलेत का?"

तो म्हणजे पुतळा. वरून फायबर, आत लोखंडी सांगाडा, मानेत बेअरिंग. बनवला खैरनारकाकांनी. चेहरा मात्र मी रंगवला. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि नाशिक रोडच्या आमच्या इमारतीत काकांचं दार माझ्या दारासमोर आहे. त्यामुळे पुढे जे झालं त्यात निम्मा दोष माझा आहे, असं काकांचं मत.

काकांनी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, काका व्हर्नियर ठेवतात. केसाची जाडी मोजणारं ते स्टीलचं माप त्यांनी कशाकशाला लावलं नाही! माझ्या पोळीला लावलं आहे. "मॅडम, कडेला दोन पॉइंट एक, मध्ये एक पॉइंट चार. टॉलरन्समध्ये नाही." टॉलरन्स म्हणजे चुकायची जेवढी मुभा असते तेवढी. काकांच्या मते या जगात जवळपास काहीच टॉलरन्समध्ये नाही. इमारतीचा जिना नाही, दूधवाल्याची वेळ नाही, सोसायटीचे चेअरमन तर अजिबात नाहीत. चेअरमनच्या मुलीच्या लग्नात त्यांनी ताटातले दोन लाडू मोजले आणि मोठा लाडू परत पाठवला.

काकू गेल्या त्याला सहा वर्षं झाली. मुलगी सुषमा बंगळुरूला. रोज संध्याकाळी सात वाजता तिचा फोन येतो. सात वाजून दोन मिनिटांनी आला की काय म्हणायचं, ते तुम्हाला कळलं असेलच.

निवृत्तीनंतर काका गणपतीच्या मंडळांना हलते देखावे करून देऊ लागले. गेल्या गणपतीसाठी जवळच्या एका मंडळाला गोष्ट सांगणारे आजोबा हवे होते. मान डावीकडे, मान उजवीकडे, मग हात वर करून आशीर्वाद, एवढंच. काकांनी तीन महिने खपून सांगाडा केला आणि डोकं माझ्याकडे आणून दिलं.

"कोणासारखा करू?" मी विचारलं.

"कोणासारखाच नको. ओळखीचा एक कानसुद्धा नको."

ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. नाक काढलं की ते कोणाचं तरी होतं. मी चार वेळा पुसलं. पाचव्यांदा जमलं असं वाटलं, आणि तिथेच माझी चूक झाली. कोणासारखाच नसलेला तो चेहरा बघणाऱ्या प्रत्येकाला कोणासारखा तरी वाटू लागला. माणूस समोर उभा राहून कपाळाला आठ्या घालायचा. "यांना कुठंतरी पाहिलंय." नाव मात्र कोणालाच आठवायचं नाही. बघितल्यावर आपण कोणाला तरी भेटायला जायचं होतं आणि राहून गेलं, असं वाटत राहायचं. मलाही वाटायचं. रंगवला मी असूनही.

मंडळानं तो तिसऱ्या दिवशी परत आणला. कार्यकर्ता नजर चुकवत म्हणाला, "काका, काम एक नंबर आहे. पण लय डेंजर वाटतोय. लेकरं रडतात, आणि बाया म्हणतात, मशीन बंद केलं तरी बघतोय."

काकांनी पुतळ्याला घरात नेलं, वेताच्या खुर्चीत बसवलं आणि नाक बरोबर समोरच्या भिंतीच्या मध्यावर येईल असं लावलं. मानेवर पेन्सिलीनं बारीक खूण केली. भांडण सुरू झालं ते त्या खुणेवरून.

सकाळी खूण जुळलेली असायची. दुपारी चारच्या सुमाराला बघावं तर, मोटर बंद असूनही, मान डावीकडे, दरवाज्याकडे वळलेली. काका ती सरळ करत. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच. काकांनी गिअर बदलला, स्प्रिंग बदलली. मग माझ्या दारातून मला रोज त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. काका मूळचे सटाण्याकडचे. आमच्याशी ते साध्या मराठीत बोलतात, सुषमाशी फोनवर निम्मं इंग्रजी. अहिराणी ते फक्त काकूंशी बोलायचे. सहा वर्षांत मी ती त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. आता ऐकू येत होती.

"तठे काय देखस रे? दरवाजाकडे काय शे? कोन्ही येत नही! तुले सांगस ना मी, कोन्ही येत नही!"

तिकडे काय बघतोस, कोणी येत नाही, असं ते पुतळ्याला बजावत आणि आधी मला हसू यायचं. एक दिवस शाळेतून आले तर काका जिन्यातच उभे. कपाळावर घाम, हातात छोटी मोटर, तिच्या वायरी लोंबत होत्या.

"मॅडम, मोटर काढली. ही बघा. काल रात्रीच काढली."

"मग?"

"तरी वळला."

मी आत गेले. मान दरवाज्याकडे होती, म्हणजे माझ्याकडेच. काकांनी ती सरळ केली आणि आम्ही दोघं समोर सोफ्यावर बसलो. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मीच रंगवलेले डोळे माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते. मला आठवलं, बुबुळांत पांढरा ठिपका देताना मी ब्रश दोनदा मागे घेतला होता. मग स्टेशनकडून एक लांबलचक मालगाडी गेली, खिडक्यांची तावदानं थरथरली, वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघांनी वर बघितलं. एवढंच. परत खाली बघतो तर तो दरवाज्याकडे बघत होता.

मी उठले. "काका, मला वह्या तपासायच्यात," म्हणाले आणि निघाले. खोटं होतं ते. चित्रकलेच्या कसल्या वह्या!

दुसऱ्या दिवशी काकांनी त्याच्यावर चादर टाकली. ते आणखी वाईट झालं. चादरीखाली नाकाचा उंचवटा दिसायचा, आणि दुपार कलली की तो उंचवटा हळूहळू डावीकडे सरकायचा. दोन दिवसांत काकांनीच चादर काढली.

"मान बांधून टाका की," मी म्हटलं.

काका माझ्यावर उखडले. "बांधायला तो काय जनावर आहे?"

हे सगळं सोसायटीत पसरलं. कोणी म्हणालं पुतळ्यात काहीतरी आहे, कोणी म्हणालं खैरनारांच्या डोक्यात काहीतरी आहे. चेअरमननी सुषमाला फोन केला. तिनं वडिलांना स्पष्ट सांगितलं, "पप्पा, तो पुतळा घरातून जाऊ दे. नाहीतर मी येते आणि तुम्हाला इकडे घेऊन जाते. तुम्ही एकटे त्याच्याशी भांडत बसता, लोक काय काय सांगतात मला." फोन स्पीकरवर होता, मी तिथेच होते. काका नुसते "बरं" म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. हातात हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

"चेहरा तुमचा, गळा माझा. दोघांचीही संमती पाहिजे."

मी संमती दिली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. काकांनी डाव्या हातानं त्याचा खांदा धरला आणि करवत मानेवर टेकवली. एकदा ओढली. दुसऱ्यांदा ओढली. फायबरचा पांढरा भुगा त्याच्या सदऱ्याच्या कॉलरवर पडला. काका थांबले. त्यांनी तो भुगा आधी फुंकला, मग बोटांनी झटकला, मग कॉलर नीट केली. करवत खाली ठेवली आणि त्याच्याच पायाशी फरशीवर बसले.

"काका, कोणासारखाच नको असं का म्हणाला होतात?"

काकांनी करवत जरा लांब सरकवली. मग म्हणाले, "कोणासारखा असता तर त्या माणसाचा झाला असता. हा माझा एकट्याचा आहे. मीच बनवला, आणि मलाच घाबरवतो. बनवणाऱ्याकडे एकदा तरी बघावं की नाही त्यानं?"

मी घरी येऊन सुषमाला फोन केला. तिनं टूलरूममधले काकांचे जुने सहकारी शिंदे यांचा नंबर दिला.

शिंदे आले ते पिशवीत पाणसळ घेऊन. काचेच्या नळीतला बुडबुडा बघून सपाटी तपासतात ती. फरशीवर ठेवली, खुर्चीच्या पायाशी ठेवली, मान दोन बोटांनी हलवून बघितली. पाच मिनिटांत निकाल दिला.

"खैरनार, तुझी फरशी दरवाज्याकडे उतरती आहे. मान बेअरिंगवर मोकळी, डोकं नाकाकडे जड. दुपारी ग्रीस पातळ होतं, गाडी गेली की इमारत हलते, डोकं उताराला लागतं. यात भूतबीत काही नाही."

त्यांनी खुर्चीच्या डाव्या पायांखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या सारल्या आणि बुडबुडा मध्यावर आणला. चार वाजले, पाच वाजले, दोन मालगाड्या गेल्या. मान सरळ. मी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "चहा घेणार का शिंदे?"

शिंद्यांना खालपर्यंत सोडायला मी गेले. जिन्यात म्हटलं, "एवढं सोपं होतं, आणि काकांच्या लक्षात आलं नाही!"

शिंदे थांबले. "मॅडम, एवढा उतार त्या माणसाला पायाच्या तळव्याला कळतो. बत्तीस वर्षं मी त्याच्या शेजारी उभा होतो." आणि खाली जाऊन स्कूटरला किक मारून गेले.

त्यानंतर काकांच्या घरातून आवाज यायचा बंद झाला. सुषमा खूश, चेअरमन खूश. मी विचारलं, "कसं चाललंय?" की काका म्हणायचे, "ठीक. आता ऐकतो तो." एखाद्याच्या घरचं कोणी गेल्यावर तो विचारणाऱ्याला सांगतो, तशा आवाजात. व्हर्नियर खिशातून गेला. मी मुद्दाम जाडजूड, वाकडी पोळी नेऊन दिली. त्यांनी ती न मोजता खाल्ली. सुषमाचा फोन एकदा सात वाजून वीस मिनिटांनी आला, तरी काही बोलले नाहीत. दुपारी दार उघडं असलं की दिसायचं, काका सोफ्यावर, तो खुर्चीत, दोघांची मान सरळ, दोघांचे हात मांडीवर. त्यातले काका कोणते ते क्षणभर कळायचं नाही. हे मला अगदी खरं खरं सांगायचं आहे. पहिल्या भीतीपेक्षा ही भीती जास्त होती.

असा महिना गेला असेल. गेल्या शनिवारी शाळा अर्धी होती. जिना चढत होते तोच वरून आवाज आला.

"कितींदा सांगू रे तुले? कितींदा?"

मी जवळजवळ धावतच वर गेले. दार उघडं होतं. टीपॉयवर पत्र्याच्या दोन्ही पट्ट्या एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या. खुर्ची पुन्हा आपल्या उतारावर आली होती. हॉलच्या उजवीकडे, दरवाज्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, काकांचं स्वयंपाकघर आहे. काका तिकडे ओट्याशी पाठमोरे उभे राहून चहा करत होते, आणि चहाच्या पातेल्याकडे बघत, मागे वळूनही न बघता त्याला झाडत होते. आवाज खणखणीत. शर्टाच्या खांद्याला घाम. माझी चाहूल लागली तशी बोलणं मराठीत आलं.

"या मॅडम. बघा याचं. सकाळी सरळ केला होता, आता पुन्हा दरवाज्याकडे. आहे का काही इलाज?"

मी बघितलं. नीट बघितलं. दरवाज्यात उभी होते मी, आणि मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. टोपीची मागची बाजू दिसत होती, आणि मानेवरचे करवतीचे दोन चरे. उताराच्या उलट, वरच्या अंगाला, अख्खी मान स्वयंपाकघराकडे, काकांकडे वळलेली होती.

गाडी गेलेली नव्हती. ग्रीस, उतार, शिंद्यांचं सगळं गणित मी उभ्या उभ्या पुन्हा मांडून बघितलं. जुळलं नाही, पण पळावंसंही वाटलं नाही.

काकांनी दोन कपांत चहा ओतला. कप एकमेकांशेजारी धरून चहा सारखा आहे का ते बघितलं, आणि एका कपातला थेंबभर दुसऱ्यात टाकला.

"वळलाय ना?" त्यांनी विचारलं.

"वळलाय, काका," मी म्हणाले.