वारसाहक्काने आलेली पौरुषग्रंथी

वडिलोपार्जित मालमत्ता तीन प्रकारची असते : स्थावर, जंगम आणि अंगात मुरलेली. पहिल्या दोन्हींसाठी भाऊ भाऊ कोर्टात जातात. तिसरीबद्दल कुणी ब्र काढत नाही.

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअरसाहेब या तिसरीचे मानकरी. अर्ध्या शहराला त्यांनी वेळेवर पाणी सोडलं. स्वतःचं मात्र हल्ली वेळेवर सुटेना. (दाब कमी आहे, हे खात्याचं ठरलेलं उत्तर इथे चाललं नाही.) कुठेही गेले की स्वच्छतागृहाजवळची खुर्ची आधी हेरत.

"अहो, डॉक्टरांना दाखवा," बायको म्हणायची.

"वयोमानाप्रमाणे होतं," हे उत्तर. ते त्यांनी वयोमान होण्याआधीपासून चालवलं होतं.

शेवटी सूनबाईंनी, सध्याची फॅशनच आहे म्हणून, त्यांची थुंकी जनुकांच्या तपासणीला पाठवली. निष्कर्ष आला : जनुकांत थोडा फरक आहे, पौरुषग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, साध्या (कर्करोगाच्या नव्हे) वाढीचा धोका सरासरीपेक्षा किंचित जास्त, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

साहेबांनी 'किंचित'च्या अलीकडेच वाचन थांबवलं. चेहरा उजळला. "बघ! रक्तातच आहे. माझा काही दोष नाही!"

"दोष कोण देतंय? गोळी घ्या म्हणतेय," बायको म्हणाली.

"घराण्याच्या गोष्टीला गोळी नसते."

त्याच अभिमानाच्या भरात त्यांनी, घराच्या वाटणीपासून अबोला धरलेल्या थोरल्या भावाला फोन लावला. "दादा, बाबांचं तुझ्याकडे काही आलंय का रे?"

"जे आलंय ते कायदेशीर आलंय! वकिलाशी बोल!" फोन आपटला गेला.

पुढे एका सकाळी सगळंच तुंबलं. वेदनेनं तळमळणाऱ्या साहेबांना इस्पितळात नेऊन नळी घालावी लागली. शहरभर नळ घालून देणारा माणूस त्या एका नळीकडे बघून लहान मुलासारखा रडला.

कळलं तसे थोरले आले. खुर्ची ओढून बसले. पलंगाला लटकवलेल्या पिशवीकडे बघत हळूच म्हणाले, "मलाही आहे. गोळी घेतो. झकास चाललंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"असलं कुणी सांगतं का! बाबांनी तरी कुठे सांगितलं?" आणि त्यांनी धाकट्याच्या अंगावरची चादर नीट केली. वडिलांच्या पश्चात पहिल्यांदाच एखादी वाटणी दोघांना मान्य झाली होती.

सुज्ञ वाचकाला हे वाचताना मध्येच उठावं लागलं असेल, तर त्याने घाबरू नये. वडिलांना विचारावं. ते सांगणार नाहीत. आणि आपण तरी मुलाला कुठे सांगितलंय?