मेश्रामजींची गच्चीवरची होडी

आमच्या गच्चीवर सध्या एक शिडाची होडी उभी आहे. ती चुन्याच्या फक्कीने आखलेली आहे, मला न विचारता आखलेली आहे, आणि तिच्यापायी माझे पापड टाकीमागे सावलीत पडले आहेत. पापड, सावलीत. या घरात असं कधी झालं नव्हतं.

हा उद्योग मेश्रामजींचा. अन्वी, ईशान, तुम्हाला ते आठवत असतील. खालच्या मजल्यावर भाड्याने राहतात, आणि तुमच्या तीनचाकी सायकलचा ब्रेक स्वतः तपासल्याशिवाय तुम्हाला तिच्यावर बसू देत नसत. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ते तपासणी विभागात होते. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. "ट्रायल झाल्याबिगर माल गेटच्या बाहेर जात नाही, वहिनी," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दिवाळीत माझी चकली त्यांनी दोन बोटांत धरून मोडली आणि आवाज ऐकून नापास केली. मी ते विसरलेले नाही.

तर त्यांची मुलगी सुजाता नेदरलँड्सला असते. तिची आई, शकूवहिनी, गेल्या वर्षी वारल्या, तेव्हापासून बाबांना कुठेतरी न्यायचं तिच्या मनात होतं. आता तिने ग्रीसमध्ये आठवडाभरासाठी शिडाची होडी ठरवली आहे, चालवायला कप्तानासकट. रोज एक बेट. दुसरा माणूस असता तर त्याने बॅग भरली असती. मेश्रामजींनी ट्रायल सुरू केली.

बेटांसाठी त्यांनी माझ्या वाट्या नेल्या, आईने माझ्या लग्नात दिलेल्या. त्या गच्चीवर उपड्या मांडून मला समजावू लागले, "हे सोमवारचं बेट, इथं नाश्ता. हे मंगळवारचं, इथं पोहणं."

"तुम्हाला पोहता येतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "मंग पोहणं शनिवारवर ढकलू."

मग मळमळीची ट्रायल. खाटेवर आडवे पडले आणि समोरच्या तिवारीजींना खाट हलवायला लावली. मी जिन्यातून ऐकत होते.

"और हिलाइए, तिवारीजी. ये तो तालाब है. समुंदर लाइए."

"भैया, समुंदर बाद में आएगा, पहले मेरी कमर जाएगी."

नदीवर, ग्वारीघाटालाही जाऊन आले. नारंगी जॅकेट घालून, दोन्ही हातांनी काठ गच्च धरून नावेत बसले. नावाडी म्हणाला, "बाबूजी, अभी तो रस्सी भी नहीं खोली." हे मला तिवारीजींनीच सांगितलं, आणि मोठ्या आनंदाने सांगितलं.

इथपर्यंत मी सोसलं. पण परवा ते आमच्या दारात उभे. "वहिनी, होडीत आठवडाभर राहाचं आहे, तं एक दुपार राहून पाहू. तुम्ही सुजाता."

"मी काहून सुजाता? मी तुमच्यापेक्षा मोठी आहे." संतापले की माझ्याही तोंडून 'का'ऐवजी त्यांचं 'काहून' निघतं.

"ट्रायलमधी वय पाहत नाहीत जी."

तुमचे आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "जाऊन ये ना. तेवढीच घरात शांतता."

मी गेले. भर दुपारी, छत्री घेऊन, चुन्याच्या रेषेच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. ते समोरच्या खुर्चीवर. मी पापड उलटायला रेषेबाहेर पाऊल टाकलं, तर ते म्हणाले, "बुडाल्या, वहिनी."

"बुडाले तर बुडाले," मी म्हटलं आणि सगळे पापड सावकाश उलटून परत आले. त्यावर ते काही बोलले नाहीत. नंतरही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत, घसा खाकरत बसून राहिले. माझं घरात एवढं काम पडलेलं, आणि हा माणूस मला उन्हात बसवून गप्प.

तेवढ्यात सुजाताचाच फोन आला. मेश्रामजी उभे राहिले. "हां बाळा. जेवली का? बरं. थांब, वहिनीले देतो." आणि फोन माझ्या हातात.

मी बोलले तिच्याशी. पोर गोड आहे. तिकडची थंडी, ऑफिस, नवा पडदा, सगळं सांगितलं तिने. शेवटी हळूच विचारलं, "काकू, बाबांना खरंच यायचंय ना? काही बोलतच नाहीत."

फोन ठेवला आणि माझा राग उसळला. "मेश्रामजी, मुलगी तुमची. ती तिकडून तुमच्यासाठी फोन करते आणि तुम्ही तो परातीसारखा पुढे सरकवता. लाज वाटत नाही?"

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "शकू होती तवा तिलेच देत होतो जी. 'थांब, आईले देतो.' सगळा जमाना असाच गेला. पोरीशी काय बोलाव, हे मले शिकाची पाळीच नाही आली." मग खाली बघत म्हणाले, "घरात माणूस उठून दुसऱ्या खोलीत जाते. होडीतून कुठी जाऊ? मी गप बसून राहिलो तं तिले वाटन, बाबा उगाच आले."

मी छत्री मिटली. मग सुजाता होऊन म्हटलं, "बाबा, मी झाले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. "नाइट ड्यूटीवर," ते म्हणाले. "साहेबानं सांगतलं, मेश्राम, घरी जा, पोरगी झाली. सायकलनं आलो. तुह्या आईनं तुले माह्या हातात देलं, आन् मी लगेच परत देलं. हाताले मशीनचं तेल होतं ना, बाळा. धुतलं तरी वास जात नव्हता." आणि मग ते बोलत राहिले, ऊन उतरेपर्यंत.

मी खाली आले तेव्हा तुमचे आजोबा वर्तमानपत्र उशाशी घेऊन झोपले होते. दर रविवारी तुमचा फोन आला की हे गृहस्थ "हां, हां, घ्या, आजीशी बोला" म्हणतात आणि मोकळे होतात. इतकी वर्षं मी तो फोन मुकाट्याने घेत आले. या रविवारी मी तिवारींच्या घरी बसणार आहे. आजोबा थोडा वेळ गप्प राहतील. तुम्ही फोन ठेवू नका.