काखेतली गाठ

रिव्हॉल्व्हर निवडणं यात काय मोठंसं! मी दुकानदार डेल्बर्टला ठणकावलं, "अरे, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी नेम धरतोय!"

शेजारचं घर चोरांनी भरदिवसा फोडलं होतं. ॲडा, माझी बायको, गेल्यापासून मी एकटा. जवळ काहीतरी असावं, ते कुणाला दिसू नये आणि नेमही लागावा, एवढंच म्हणणं.

आधी घेतलं मुठीएवढं. खिशात टाकलं की साबणाच्या वडीसारखं गडप! पण नेमबाजीच्या मैदानात चाप ओढला, तर गाढवानं लाथ घातल्यासारखं मनगट वर! माझा कागद कोरा करकरीत. शेजारी नेम धरून उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, माझ्या कागदावर दोन भोकं जास्त आहेत. तुमची का?"

"आखूड नळी लपते छान, पण नेम धरवत नाही," डेल्बर्ट म्हणाला. "मधलं घ्या ना काका!"

"मधलंबिधलं नको! सगळ्यात लांब नळीचं काढ!"

त्यानं नेम लागला, अगदी मधोमध! पण लपवायचं कुठं? पट्ट्यात खोचलं तर बसता येईना. शेवटी काखेत बांधलं, वर कोट चढवला आणि माझ्या जुन्या मित्राच्या, हॉबर्टच्या अंत्यविधीला चर्चमध्ये गेलो.

हॉबर्टची बायको लोरीन रडत गळ्यात पडली आणि थबकली.

"मर्ल, काखेत हे काय रे?"

शवपेटीशेजारी काय सांगणार? "काही नाही गं. आहे आपलं."

"कधीपासून?"

"गेल्या आठवड्यापासून."

"आठवड्यात गाठ एवढी वाढली? डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर काय करणार यात!"

लोरीन नव्यानं रडायला लागली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मर्ल आता थोड्या दिवसांचा सोबती. ॲडाही गाठीनंच गेलेली, त्यामुळे शंका कुणालाच आली नाही. घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मॅकरोनीची भांडी येऊन पडली. पाद्रीबाबा डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेले. मी खुलासा करायला तोंड उघडलं की सगळे म्हणायचे, "बोलू नकोस, दमशील!"

आणि मग व्हर्नन आला. माझा धाकटा भाऊ. वडिलांचं शेत विकलं तेव्हापासून आमचं बोलणं बंद. ॲडाच्या वेळीही आला नव्हता. हातात भट्टीत भाजलेला गोड ॲपल पाय. ओसरीवर बसला, एक तुकडा कापून मला दिला.

"मर्ल, चुकलं माझं. वहिनी गेली तेव्हा यायला हवं होतं." माझा हात धरून तो हमसून हमसून रडला.

मी तुकडा तसाच खाली ठेवला. कोट काढला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तू मरत नाहीयेस?"

"नाही रे."

त्यानं डोळे पुसले. मग उरलेला ॲपल पाय झाकला, काखोटीला मारला आणि गाडी काढून निघून गेला.

माणूस ठणठणीत निघाला म्हणून कुणी एवढं चिडतं का? दोनदा फोन केला. उचलत नाही.